स्विचन विद्युत् दाब नियामकातील दोषनिदान

आदान दाब (नियामकास पुरविलेला विद्युत् दाब) कमीजास्त झाला किंवा भाराने (ज्यास शक्ती पुरवावयाची त्या मंडलाने) घेतलेला प्रवाह बदलला, तरी प्रदान दाब (नियामकातून मिळणारा दाब) ठरावीक मूल्यावर स्थिर राखणाऱ्या साधनास विद्युत् दाब नियामक म्हणतात. स्विचन प्रकारच्या नियामकात हे कार्य एक ट्रँझिस्टर दर सेकंदास हजारो वेळा पूर्ण चालू व पूर्ण बंद करून साधले जाते. संगणक, दूरचित्रवाणी संच, दूरध्वनी केंद्रांतील साधने, वैद्यकीय उपकरणे, यंत्रांचे नियंत्रक इत्यादींच्या मुद्रित मंडल फलकांवर असे एक किंवा अनेक नियामक असतात. फलक निकामी झाला की संशयाची सुई प्रथम नियामकाकडे वळते, आणि पुष्कळदा ते योग्यही असते. परंतु प्रदान दाब चुकीचा आढळला म्हणजे नियामकाचे संकलित मंडलच बिघडले, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. नियामक हे बंद वलय आहे. प्रदान दाबाचा अंश सतत मागे आणून संदर्भ दाबाशी ताडून पाहिला जातो (यास प्रतिसंभरण म्हणतात) व त्यानुसार ट्रँझिस्टरचा चालू राहण्याचा काळ ठरतो. अशा वलयात एका घटकाचा दोष दुसऱ्याच ठिकाणी लक्षण म्हणून प्रकट होतो. त्यामुळे येथील दोषनिदान हे घटक बदलत जाण्यापेक्षा वलय कोठे तुटले आहे ते शोधण्याचे काम आहे.

प्रस्तुत नोंदीत दाब घटविणाऱ्या व आदान आणि प्रदान यांची भूमी (शून्य दाबाचे सामाईक टोक) एकच असलेल्या नियामकाचाच विचार केला आहे. घरगुती पुरवठ्यास थेट जोडलेल्या शक्तिपुरवठा मंडलात २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे एकदिशीकरण होऊन मुख्य धारित्रावर सु. ३२५ व्होल्ट दाब साचतो व तो पुरवठा तोडल्यावरही काही काळ टिकून राहतो. हा दाब प्राणघातक आहे. धारित्र योग्य रोधकातून विसर्जित करून व दाब शून्य झाल्याची मापनाने खात्री करून घेतल्याखेरीज त्या भागास हात लावू नये.

कार्यपद्धती : जुन्या रेषीय नियामकात जादा दाब ट्रँझिस्टरवर उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. २४ व्होल्टपासून ५ व्होल्ट दाबाने २ अँपिअर प्रवाह मिळवावयाचा असल्यास भारास १० वॉट मिळतात व ३८ वॉट वाया जातात; कार्यक्षमता जेमतेम २१ टक्के पडते. स्विचन नियामकातील ट्रँझिस्टर एकतर पूर्ण चालू (त्यावरील दाब अल्प) किंवा पूर्ण बंद (त्यातील प्रवाह शून्य) असल्यामुळे दोन्ही अवस्थांत व्यय थोडा होतो. तो चालू असताना प्रवर्तकातून (गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यातून) प्रवाह वाढत जाऊन चुंबकीय ऊर्जा साठते. तो बंद होताच प्रवर्तक आपला प्रवाह टिकवू पाहतो व तो प्रवाह भूमीकडून येणाऱ्या डायोडमधून पुरा होतो. प्रदान धारित्र या चढत्याउतरत्या प्रवाहाचे सपाटीकरण करते. १९७७ साली बाजारात आलेल्या ‘ॲपल २’ या वैयक्तिक संगणकात रॉड होल्ट यांनी योजलेला स्विचन शक्तिपुरवठा होता. त्यानंतरच्या काळात सर्व नियंत्रण एकाच संकलित मंडलात सामावल्याने ही पद्धत लहानसहान उपकरणांतही पोहोचली [→ ट्रँझिस्टर तंत्रविद्या].

विवेचनासाठी नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीने (ही कंपनी २०११ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली) प्रचारात आणलेले ‘एलएम २५७६’ हे पाच अग्रांचे मंडल घेऊ. औद्योगिक फलकांवर ते फार मोठ्या संख्येने आढळते आणि त्याच्यासोबत लागणारे घटक इतके थोडे आहेत की प्रत्येकाचा दोष स्वतंत्रपणे ओळखता येतो. अग्रे अनुक्रमे आदान, स्विचन प्रदान, भूमी, प्रतिसंभरण व चालू-बंद नियंत्रण अशी आहेत. कमाल प्रवाह ३ अँपिअर व स्विचन कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) ५२ किलोहर्ट्‌झ आहे. ५ व्होल्टच्या नमुनेदार मंडलात १०० मायक्रोफॅराडचे आदान धारित्र, १०० मायक्रोहेन्रीचा प्रवर्तक, शॉट्की प्रकारचा डायोड व १,००० मायक्रोफॅराडचे प्रदान धारित्र असते. एक आवर्तन सु. १९.२ मायक्रोसेकंदांचे असते. आदान २४ व्होल्ट असल्यास, ट्रँझिस्टरवरील सु. १.४ व डायोडवरील सु. ०.५ व्होल्ट पतन धरून, ट्रँझिस्टर प्रत्येक आवर्तनात सु. ४.६ मायक्रोसेकंद चालू राहतो. हा आकडा ध्यानी ठेवावा. निरोगी नियामक कसा दिसतो हे आधी माहीत नसेल, तर आजारी नियामक ओळखता येत नाही.

विद्युत् विच्छेद्य धारित्राचा ऱ्हास : अनेक वर्षे चाललेल्या फलकांवर सर्वांत वारंवार आढळणारा दोष ॲल्युमिनियमच्या विद्युत् विच्छेद्य धारित्राचा होय. त्याच्या आत कागदात शोषलेला द्रव विद्युत् विच्छेद्य असतो. रबरी बुचाच्या कडेने तो वर्षानुवर्षे हळूहळू बाष्परूपाने निसटतो आणि धारित्राचा समतुल्य एकसरी रोध (धारित्राशी एकसरीत जोडलेला आहे असे मानता येईल असा अंतर्गत रोध) वाढत जातो. वरील उदाहरणात प्रवर्तकातील प्रवाहाचा चढउतार सु. ०.८ अँपिअर असतो. रोध ०.०५ ओहम असेल, तर प्रदान दाबावर सु. ४० मिलिव्होल्टची ऊर्मिका (दाबातील लहान चढउतार) येते. रोध दसपट होऊन ०.५ ओहम झाला, म्हणजे ऊर्मिकाही दसपट होऊन ४०० मिलिव्होल्टवर जाते. निव्वळ धारकतेमुळे येणारी ऊर्मिका मात्र सु. २ मिलिव्होल्टच असते. यावरून उघड होईल की, धारकता मोजून ‘धारित्र ठीक आहे’ असा निर्वाळा देणे येथे निरर्थक आहे. धारकता छापील मूल्याच्या जवळपास असूनही धारित्र कामातून गेलेले असू शकते.

बहुमापकावर हा दोष दिसत नाही, कारण तो सरासरी मूल्य दाखवितो व सरासरी नेमकी ५ व्होल्टच राहते. प्रत्यक्षात दाब ४.८ ते ५.२ व्होल्टच्या दरम्यान हेलकावत असतो. नेहमीच्या अंकीय मंडलांची मर्यादा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असल्याने भार एकदम वाढला की ती ओलांडली जाते. उपकरण मधूनच नव्याने सुरू होते किंवा चुकीची उत्तरे देते, आणि दोष स्मृतिमंडलाचा किंवा आज्ञावलीचा आहे असे वाटू लागते. सकाळी थंड असताना उपकरण सुरू होत नाही, पण थोडा वेळ तापले की चालते, ही तक्रार या दोषाची जवळजवळ खूणच मानावी. विद्युत् विच्छेद्य थंड असताना रोध अधिक असतो. −२५° से. तापमानास तो साधारण तिप्पट व −४०° से. तापमानास दसपटीपर्यंत होतो.

धारित्राचे आयुष्य तापमानावर अवलंबून असते. तापमान १०° से. ने उतरले की ते स्थूलमानाने दुप्पट होते. १०५° से. ला २,००० तासांचे म्हणून विकलेले धारित्र ६५° से. ला सु. ३२,००० तास, म्हणजे अखंड चालल्यास साडेतीन वर्षांहून थोडे अधिक टिकेल. हा हिशोब पाहता उष्णताशोषक पत्र्याला चिकटून धारित्र बसविणारा आराखडाकार पुढील दुरुस्तीची तारीखच लिहून ठेवतो, असे म्हणावे लागते.

वयोमानाने येणाऱ्या ऱ्हासाखेरीज सदोष निर्मितीचे एक मोठे प्रकरण नमूद करण्याजोगे आहे. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या संगणक फलकांवरील, विशेषतः संस्कारकाजवळच्या स्विचन नियामकांतील, धारित्रे अवघ्या एकदोन वर्षांत फुगून फुटू लागली. पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या विद्युत् विच्छेद्यात ॲल्युमिनियमचे संक्षारण रोखणारी योग्य द्रव्ये नव्हती. त्यामुळे आत हायड्रोजन वायू निर्माण होऊन दाब वाढे व माथ्यावरील खाचा उकलत. ही धारित्रे प्रामुख्याने तैवानमधील काही उत्पादकांची होती. डेल या संगणक कंपनीने आपल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीसाठी २००५ मध्ये सु. ३० कोटी डॉलरची तरतूद केली. फुगलेला माथा हे दोषाचे निश्चित चिन्ह होय. पण सपाट माथा हे निर्दोषत्वाचे चिन्ह नव्हे. हळूहळू सुकलेले धारित्र बाहेरून नव्यासारखे दिसते.

परीक्षणाचा क्रम : प्रथम पुरवठा तोडून फलकाचे बारकाईने निरीक्षण करावे. काळवंडलेला थर, चिरलेला गाभा, तडे गेलेला डाख, धारित्राच्या बुडाशी तपकिरी ओल हे सर्व भिंगाखाली दिसते, आणि जळलेल्या भागाचा वास कोणत्याही मापकाआधी वार्ता देतो. नंतर प्रदान टोक व भूमी यांमधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य असल्यास मंडल संक्षेप (प्रवाहाची अल्परोधी आडवाट) झाल्याचा संशय घ्यावा. मात्र अलीकडच्या संस्कारकांना सु. एक व्होल्ट दाबाने दहा-वीस अँपिअर व त्याहूनही अधिक प्रवाह पुरविणाऱ्या नियामकाच्या प्रदान टोकाशी एक ओहम किंवा त्याहूनही कमी रोध निरोगी अवस्थेतच आढळतो. हे ठाऊक नसल्याने सुस्थितीतील महागडे फलक मोडीत निघतात. शक्य असेल तेथे त्याच प्रकारच्या चालू फलकाशी तुलना करणे श्रेयस्कर.

पुढची पायरी म्हणजे नियामकास प्रवाहमर्यादा असलेल्या प्रयोगशाळेतील पुरवठ्यावर चालविणे. पूर्वीचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर संशयित संचाशी विजेचा दिवा एकसरीत जोडीत. ती युक्ती रेषीय मंडलास उत्तम आहे, पण स्विचन नियामकाबाबत ती फसविते. हा नियामक भाराला लागणारी शक्ती कोणत्याही परिस्थितीत मिळवू पाहतो. आदान दाब घटला की तो अधिक प्रवाह ओढतो. १० वॉट भार व ७७ टक्के कार्यक्षमता धरल्यास आदान शक्ती सु. १३ वॉट होते. २४ व्होल्टला सु. ०.५४ अँपिअर, तर १२ व्होल्टला सु. १.०८ अँपिअर प्रवाह लागतो. मध्ये दिवा असल्यास त्यावर दाब पडतो, नियामक अधिक प्रवाह मागतो, दाब आणखी पडतो व निर्दोष नियामकही सुरू होऊ शकत नाही. आदान बाजूचा गंजलेला जोड किंवा सुकलेले आदान धारित्र नेमका हाच परिणाम करते. म्हणून आदान दाब हा नेहमी भार जोडलेला असताना व नियामकाच्या अग्रावरच मोजावा.

भार वेगळा करून त्याजागी तारेचा रोधक (५ व्होल्टसाठी ५ ओहम, १० वॉट) जोडल्यास दोष भारात आहे की नियामकात, हे एका फटक्यात कळते. येथे एक धोका आहे. प्रतिसंभरणाची वाट काही फलकांवर भाराच्या अगदी जवळून घेतलेली असते. वहनपट्टी तोडताना ती वाट भाराच्या बाजूस राहिली, तर नियामकास प्रदान दाब शून्य भासतो, तो ट्रँझिस्टर जास्तीत जास्त काळ चालू ठेवतो व प्रदान धारित्रावर आदानाच्या जवळपास दाब चढतो. धारित्र बहुधा १० किंवा १६ व्होल्टचेच असते.

स्विचन बिंदूवरील तरंगाकृती : ट्रँझिस्टर, डायोड व प्रवर्तक जेथे मिळतात तो बिंदू ऋण किरण दोलनदर्शकावर किंवा हल्लीच्या अंकीय दोलनदर्शकावर पाहिला, तर अर्धे निदान होऊन जाते. शोधिकेची भूमी-तार शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब तार स्वतःच दाबाचे खोटे कंगोरे निर्माण करते. निरोगी मंडलात सु. २२.६ व्होल्टपर्यंत चढणारे व मधल्या काळात शून्याखाली अर्धा व्होल्ट जाणारे आयताकार स्पंद दिसतात.

स्पंद मुळीच नसतील, तर आदान पोहोचतो का व चालू-बंद अग्र कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावे. ‘एलएम २५७६’ मध्ये हे अग्र भूमीस जोडलेले असतानाच नियामक चालतो. त्याचा डाख सुटून ते अधांतरी राहिले तर संकलित मंडल मृत भासते. बिंदू कायम आदान दाबावर अडकला असेल, तर ट्रँझिस्टर भाजून आतल्या आत जोडला गेला आहे. सर्व दोषांत हा अधिक विध्वंसक, कारण ५ व्होल्टच्या मंडलांवर २४ व्होल्ट जातात. अशा फलकावर नियामक बदलल्यानंतरही भार सुखरूप असेल असे गृहीत धरू नये. स्पंद आहेत, पण त्यांची कंप्रता ५२ वरून सु. ११ किलोहर्ट्‌झवर उतरली आहे, असे दिसले तर नियामक स्वसंरक्षण करीत आहे. प्रदान दाब सु. ४० टक्क्यांनी खाली आला की हे मंडल आपली कंप्रता घटविते. दुसऱ्या काही प्रकारांची मंडले अतिभार होताच बंद पडून थोड्या अवकाशाने पुन्हा प्रयत्न करतात व प्रवर्तकातून ‘टिकटिक’ असा आवाज येतो. या दोन्ही प्रसंगी नियामक बदलणे व्यर्थ होय. मंडल संक्षेप भारात किंवा डायोडमध्ये शोधावा. फलक वाकल्यामुळे तडकलेले लहान चिनीमातीचे धारित्र हे त्याचे एक नेहमीचे स्थान असते. भाराला एकदोन व्होल्ट दाबाने मर्यादित प्रवाह देऊन फलकावर आयसोप्रोपिल अल्कोहॉलचा पातळ थर दिला, तर दोषी घटक तापून त्यावरील थर प्रथम वाळतो.

अल्प भाराच्या वेळी दोन स्पंदांच्या मध्ये प्रवर्तकातील प्रवाह शून्य होतो व स्विचन बिंदूवर मंदावत जाणारी कंपने दिसतात. नवशिक्या व्यक्तीस हा दोष वाटतो. ती स्वाभाविक अवस्था आहे. याउलट पुरेशा भारातही स्पंद आळीपाळीने रुंद व अरुंद होत असल्यास वलय अस्थिर झाले आहे, आणि त्याचे कारण बहुधा पुन्हा प्रदान धारित्रच असते.

प्रतिसंभरण विभाजक : प्रदान दाब जुळवून घेता येणाऱ्या प्रकारात दोन रोधकांनी प्रदानाचा अंश पाडून तो १.२३ व्होल्टच्या संदर्भ दाबाशी ताडला जातो. या दोन क्षुल्लक भासणाऱ्या रोधकांच्या हाती सर्व भाराचे भवितव्य असते. भूमीकडील रोधक तुटल्यास प्रदान १.२३ व्होल्टपर्यंत घसरतो व उपकरण केवळ बंद पडते. प्रदानाकडील रोधक तुटल्यास मात्र नियामकास काहीच परत मिळत नाही व प्रदान आदानाच्या दिशेने उसळतो. लक्षणे परस्परविरुद्ध, पण दोष सारखाच. प्रतिसंभरण अग्रावरील दाब १.२३ व्होल्ट असून प्रदान चुकीचा असेल, तर नियामक आपले काम अचूक करीत आहे व विभाजक खोटे सांगत आहे. अग्रावरील दाब १.२३ व्होल्टपेक्षा कमी असूनही स्पंद रुंद होत नसतील, तर दोष नियामकात किंवा त्याच्या आदानात आहे. या एका मापनाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. कोकणकिनाऱ्यावरील पावसाळी हवेत, डाखाच्या अभिवाहाचा थर धुतलेला नसल्यास, फलकाच्या पृष्ठभागावरून गळती प्रवाह वाहतो. विभाजकाचे रोध मोठे असतील तर भूमीकडील रोधकाभोवतीच्या गळतीने प्रदान वाढतो व प्रदानाकडील रोधकाभोवतीच्या गळतीने तो घटतो. फलक धुऊन वाळविल्यावर दाब मूळ पदावर येतो.

घटक बदलताना : डायोडमध्ये मंडल संक्षेप झाल्यास प्रवाह थेट भूमीत जातो, तो तुटल्यास प्रवर्तकाच्या प्रवाहास वाट राहत नाही व स्विचन बिंदू शून्याच्या पुष्कळ खाली खेचला जाऊन संकलित मंडल भाजते. म्हणून भाजलेले संकलित मंडल काढल्यावर नवे बसविण्यापूर्वी डायोड तपासावा; अन्यथा नवेही पहिल्या क्षणीच जाते. मूळच्या ‘१ एन ५८२२’ या शॉट्की डायोडच्या जागी ३ अँपिअरचाच म्हणून ‘१ एन ५४००’ मालिकेतील एकदिशकारक डायोड बसविणे ही नेहमीची चूक होय. तो ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यासाठी बनविलेला असून वहन थांबविण्यास लागणारा त्याचा काळ येथे फार मोठा पडतो. डायोड व ट्रँझिस्टर दोन्ही अतोनात तापतात. प्रवर्तक निवडताना केवळ मायक्रोहेन्रीचा आकडा जुळणे पुरेसे नाही. कमाल प्रवाहास गाभा चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होता कामा नये. झाल्यास प्रवर्तकता कोसळते व तरंगाकृतीत प्रवाह टोकाशी एकाएकी उसळलेला दिसतो. धारित्र कमी समतुल्य रोधाचे व १०५° से. चे घ्यावे. रोध जितका कमी तितके चांगले, असेही नाही. ‘एलएम २५७६’ सारख्या जुन्या आराखड्यांचे स्थैर्य प्रदान धारित्राच्या थोड्याशा रोधावर आधारलेले असल्याने त्याजागी केवळ चिनीमातीची धारित्रे लावल्यास नियामक आंदोलने करू लागतो.

संकलित मंडलाच्या अस्सलपणाचीही परीक्षा करावी लागते. त्याच मालिकेतील ‘एलएम २५९६’ ची स्विचन कंप्रता १५० किलोहर्ट्‌झ असते. तसे नाव छापलेली, परंतु सु. ५० किलोहर्ट्‌झला चालणारी नकली मंडले बाजारात आढळली आहेत. मंडल चालते, दाबही योग्य मिळतो; पण १५० किलोहर्ट्‌झसाठी निवडलेल्या प्रवर्तकात प्रवाहाचा चढउतार जवळजवळ तिप्पट होतो, गाभा तापतो व धारित्र अकाली सुकते. दुरुस्तीनंतर पूर्ण भारावर, उपकरणाचे आवरण बंद ठेवून, निदान तासभर नियामक चालवावा. ऊर्मिका, स्विचन कंप्रता व धारित्राच्या आवरणाचे तापमान यांची नोंद फलकासोबत ठेवल्यास पुढील परीक्षकास तुलनेसाठी ती उपयोगी पडते.